रिद्धपूरचा उत्सव आणि म्हातारीची भाषा

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावाला अलीकडे मोठे दिवस आले आहेत. २०२३ साली मराठी भाषा विद्यापीठाचा कायदा झाला, २०२४ मध्ये त्या विद्यापीठाचे काम रिद्धपुरास सुरू झाले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून मराठीच्या थोरवीवर ज्या कोणाला भाषण करावयाचे असते, त्याच्या तोंडी लीळाचरित्राचे आणि रिद्धपूरचे नाव हटकून येते. ग्रंथदिंडी, शोभायात्रा, देखावे, दिव्यांची रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांच्या साहाय्याने ऐतिहासिक गावाचा गतकाळ जिवंत करण्याची रीत आता राज्यभर रूढ झाली आहे. रिद्धपूर त्या रीतीतून सुटण्याचा संभव नाही, आणि सुटावे असेही नाही. प्रश्न एवढाच आहे की, रिद्धपूरचा जो गतकाळ जिवंत करावयाचा, तो नेमका कोणता?

उपद्रवी गतकाळ

तेराव्या शतकात या गावी गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, यांचे वास्तव्य होते. जवळच्या काटसुरे गावी जन्मलेल्या या सत्पुरुषाला चक्रधरस्वामींनी गुरू मानले आणि महानुभाव पंथाने पंचकृष्णांत त्यांची गणना केली. म्हाइंभटाने लिहिलेले त्यांचे चरित्र उपलब्ध आहे. त्यातून दिसणारे गोविंदप्रभू गावाच्या कोणत्याही घरात शिरतात, कोणाच्याही हातचे खातात, महारवाड्यात आणि मांगवाड्यात मोकळेपणाने वावरतात आणि तेथून निघून तसेच ब्राह्मणांच्या घरी जातात. गावातल्या सोवळेकरी मंडळींना हे सहन होत नाही व त्यांची तक्रार होते, हेही त्या चरित्रात नोंदलेले आहे. मातंगांना पाण्याची ददात पडली तेव्हा गोविंदप्रभूंनी त्यांना विहिरीची जागा दाखवून दिली, अशीही लीळा त्यात येते. या घटनेनंतर सहा शतकांहून अधिक काळ लोटला आणि तरीही १९२७ साली डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ उभी राहिली. रिद्धपूरचा गतकाळ खरोखर आठवावयाचा म्हणजे हा सहा शतकांचा हिशेबही आठवणे आले. तो आठवला की गौरवाच्या भाषणाला आपोआप खीळ बसते.

याच गावी वाजेश्वरीच्या देवळात, शके १२०० च्या, म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले अशी परंपरा आहे. म्हाइंभट मूळचा सराळ्याचा शास्त्रसंपन्न ब्राह्मण. परंतु ग्रंथ लिहिताना त्याने शास्त्राचा आधार घेतला नाही. चक्रधरांचा सहवास ज्यांना लाभला, त्यांचे शब्द ज्यांनी कानांनी ऐकले, अशा माणसांना त्याने गाठले. त्यांच्या आठवणी जमवल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि लोक जसे बोलतात तशा भाषेत उतरवल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, आणि अनुयायांनी ती स्मरणाने पुन्हा उभी केली. मराठीचा आद्य गद्यग्रंथ असा साध्या माणसांच्या स्मरणशक्तीवर दोनदा उभा राहिलेला आहे. कोण्या राजाने सुवर्णमुद्रा देऊन तो लिहवून घेतलेला नाही.

भाषेच्या निवडीचा प्रसंग तर अधिकच बोलका आहे. चक्रधरांच्या नंतर पंथाचे नेतृत्व नागदेवाचार्यांकडे आले. केशोबास हा त्यांचा शिष्य संस्कृताचा जाणकार होता, आणि पंथाचे तत्त्वज्ञान त्याला संस्कृतात मांडावयाचे होते. संस्कृतात मांडले असते तर काशीपर्यंतच्या पंडितांत मान्यता मिळाली असती. नागदेवाचार्यांनी त्याला मनाई केली. त्यांचे कारण स्मृतिस्थळात नमूद आहे: संस्कृतात लिहिले तर पंथातल्या वृद्ध बाया त्या ज्ञानाला मुकतील. मराठीचा ज्ञानभाषा म्हणून स्वीकार ज्या क्षणी झाला, त्या क्षणी डोळ्यांसमोर कोणी सम्राट नव्हता आणि अस्मितेचा झेंडाही नव्हता. अक्षरशत्रू राहिलेली, देवळाच्या सभामंडपातही जिला मागे बसावे लागे, अशी म्हातारी बाई डोळ्यांसमोर होती. महदाइसेसारखी प्रश्नांमागून प्रश्न विचारणारी विधवा याच परंपरेत वाढली. गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने तिने रचलेल्या धवळ्यांमुळे मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिला ओळखले जाते. तो सोहळाही रिद्धपूरचाच.

म्हणजे रिद्धपूरचा वारसा हा एका निर्णयाचा वारसा आहे. ज्ञान कोणाच्या मालकीचे असावे, या प्रश्नाला तेथे एक उत्तर दिले गेले. सर्व चर्चा या एका मुद्द्यावर आणून ठेवल्यावाचून रिद्धपूरच्या कोणत्याही उत्सवाचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

देखाव्यात काय बसते, काय बसत नाही

सरकारी थाटाच्या उत्सवाला आपली अशी एक निवड असते. पालखी त्यात बसते, विवाहसोहळा बसतो, फेटे आणि लेझीम बसतात. मांगवाड्यातून येऊन ब्राह्मणाच्या ओसरीवर चढणारा सत्पुरुष त्यात सहसा बसत नाही. स्त्रीच्या विटाळाची कल्पना चक्रधरांनी झिडकारली, हेही बसत नाही. यादवांच्या राजवटीतील धर्ममार्तंडांनी त्यांच्यावर बालंट आणून त्यांचा छळ केला, असे पंथाचे साहित्य सांगते. त्या प्रसंगाचा देखावा उभारण्याचे धाडस कोणते सांस्कृतिक खाते करील? कारण छळणाऱ्यांत राजाचे अधिकारी होते, आणि व्यासपीठावरच्या पहिल्या रांगेत तर अधिकारीच बसावयाचे असतात.

आणखी एक गोष्ट भाषेच्या नावाने दंड थोपटणाऱ्यांना अडचणीची आहे. ज्या महापुरुषाच्या शब्दांतून मराठी गद्य सुरू होते, तो परंपरेनुसार गुजरातेतल्या भडोचच्या प्रधानाचा पुत्र होता. परमुलखातून आलेल्या माणसाने मराठी आपली मानली आणि अनुयायांना महाराष्ट्रात राहावयास सांगितले. पुढे हाच पंथ पंजाबात आणि काबूलपर्यंत गेला आणि तेथल्या मठांतही मराठी पोथ्या श्रद्धेने जपल्या गेल्या. परप्रांतीयाला मारहाण करून मराठी वाढते असे ज्यांना वाटते, त्यांनी रिद्धपूरच्या यात्रेत पंजाबातून आलेला भाविक कोणत्या भाषेतल्या पोथीपुढे मस्तक ठेवतो ते एकदा जाऊन पाहावे.

उत्सवाचे अर्थशास्त्रही तपासले पाहिजे. उत्सवामुळे पर्यटन वाढते, पर्यटनामुळे रोजगार वाढतो, हा युक्तिवाद आता पाठांतराचा भाग झाला आहे. वस्तुतः अशा खर्चाचा ओघ कोणीकडे जातो? मंडप, विद्युत् रोषणाई, ध्वनिव्यवस्था, जाहिरात आणि नामांकित कलावंत ही मोठी कलमे शहरातून येतात आणि त्यांचा पैसा शहरातच परत जातो. गावाच्या वाट्याला दोन दिवसांच्या चहाच्या टपऱ्या आणि तिसऱ्या दिवशीचा कचरा येतो. टिकाऊ मत्ता म्हणून मागे काही उरत नाही. वेरूळच्या लेण्यांच्या सान्निध्यात सुरू झालेला सरकारी महोत्सव पुढे लेण्यांपासून दूर, औरंगाबाद शहरातल्या सोनेरी महालाच्या आवारात गेला. नाव वेरूळचे आणि प्रेक्षक शहरातला, अशी ती व्यवस्था झाली. याच्या उलट, रिद्धपूरची पंथीय यात्रा शेकडो वर्षे कोणाच्या अनुदानावाचून चालत आली आहे. भाविक स्वतःच्या खर्चाने येतो, पंगतीला धान्य देतो, मठाच्या आवारात मुक्काम करतो. लोकांनी चालवलेली यात्रा आणि निविदा काढून चालवलेला महोत्सव यांतला हा फरक अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातला आहे.

ज्या भूमीवर मंडप उभारायचा

मंडप ज्या भूमीवर उभारायचा तिची अवस्था लपून राहिलेली नाही. मोर्शी आणि वरूड या भागाला संत्र्याच्या बागांमुळे विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणण्याची हौस पुष्कळांना आहे. परंतु त्या बागांसाठी भूजलाचा अतोनात उपसा झाला, विहिरी आटल्या, आणि कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. आंबिया बहाराची फळगळ झाली की बागाईतदार म्हणवणारा माणूसही सावकाराच्या दारात उभा राहतो. २०२३ मध्ये बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले तेव्हा संत्र्याचे भाव कोसळल्याची ओरड याच पट्ट्यातून उठली. कोरडवाहू कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्याची आणि किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईची स्थिती याहून बिकट आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर करावे लागले, त्यांत अमरावती होता. त्यानंतरही आत्महत्या थांबलेल्या नाहीत.

विकासाच्या अनुशेषाची कथा त्याहून जुनी आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये ठरवला आणि त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा असल्याचे दाखवून दिले. त्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सिंचनाचा अनुशेष ज्या प्रदेशात सर्वांत खोल रुतला आहे त्या वऱ्हाडाला अभिमानाचा पुरवठा मात्र सढळ हाताने होत आहे. अभिमानाला कालवे लागत नाहीत, म्हणून तो स्वस्त पडतो.

भाषेच्या नावाने

भाषेविषयीचा सरकारचा व्यवहार तरी या उत्सवी घोषणांशी जुळतो काय? विद्यापीठाचा कायदा ज्या २०२३ साली झाला, त्याच वर्षी वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळांच्या जागी समूहशाळा आणण्याचा विचार शिक्षणखात्याने पुढे केला. या शाळा बहुतांशी खेड्यापाड्यांतल्या, वाड्यातांड्यांवरच्या, मराठी माध्यमाच्या. मजुराच्या मुलीची शाळा तिच्या वस्तीतून उठली की ती मुलगी शाळेतून उठते, हे सांगावयास कोणत्या समितीची गरज नाही. अभिजात दर्जा मिळून सात महिने पुरते होण्याच्या आत, १६ एप्रिल २०२५ रोजी, याच राज्यात पहिलीपासून हिंदी ही सक्तीची तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला. जून महिन्यात त्यात फिरवाफिरव झाली, आणि लोकक्षोभ पाहून २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. तरीही उच्च न्यायालयाचा निवाडा ज्याच्या जमिनीविषयी असतो त्याला तो इंग्रजीतून मिळतो, आणि कर्जाच्या करारातल्या बारीक टाइपातल्या अटी अनेकदा अशा भाषेत असतात की अंगठा उठवणाऱ्याला त्या वाचून दाखवणाराही भेटत नाही. सातशे वर्षांपूर्वी नागदेवाचार्यांना ज्या म्हातारीची काळजी वाटली, ती म्हातारी आजही तहसील कचेरीच्या पायरीवर कागद हातात धरून बसलेली आहे. संस्कृताची जागा इंग्रजीने घेतली, एवढाच काय तो पालट झाला.

विदर्भात १९९७ साली वर्ध्याला हिंदीचे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आले, त्याच साली रामटेकला संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले. मराठीच्या भूमीत मराठीचे विद्यापीठ येण्यास त्यानंतर आणखी सत्तावीस वर्षे लागली. आता ते आले आहे, तर त्याने काय करावे, हा खरा वादाचा विषय झाला पाहिजे. त्या विद्यापीठाने उत्सवाचे यजमानपद पत्करून पोथ्यांना हार घालावेत, की म्हाइंभटाचे काम पुढे न्यावे?

महानुभावांच्या पोथ्या पावित्र्यरक्षणासाठी आणि प्रतिकूल काळाच्या भयाने सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. परिणाम असा झाला की म्हातारीसाठी लिहिलेले वाङ्मय शतकानुशतके म्हातारीच्याच दृष्टीआड राहिले. विसाव्या शतकात राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे, ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक ते उजेडात आणले. कोलत्यांनी संपादलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. लिपीचे कुलूप त्या पिढीने उघडले. त्या जागी परिभाषेचे, पदव्यांचे आणि सोहळ्यांचे नवे कुलूप लागू नये, याची जबाबदारी या पिढीची आहे.

तुच्छतेचा मार्गही खोटा

येथे पुरोगामी म्हणवणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. उत्सव, मठ, यात्रा यांचे नाव निघताच नाक मुरडण्याची आणि हा सारा भांडवलदारांचा व प्रतिगाम्यांचा खेळ आहे असे म्हणून घरी बसण्याची सवय चळवळीत पुष्कळांना जडली आहे. या सवयीची किंमत चळवळीने मोजली आहे. पाच दशके मोकळे सोडलेले मैदान दुसऱ्यांनी व्यापले आणि लोकांच्या श्रद्धेचे भाषांतर द्वेषात करून दाखवले. साने गुरुजींनी असे केले नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना बंद होते म्हणून त्यांनी पंढरपूरकडे पाठ फिरवली नाही. मे १९४७ मध्ये ते त्या दारापुढे प्राणपणाने उपोषणास बसले आणि दार उघडले. राममनोहर लोहियांनी तर चित्रकूटला रामायण मेळा भरवण्याची कल्पना मांडली. देवधर्म न मानणाऱ्या या नेत्याला लोकांच्या स्मृतीत शिरल्यावाचून लोकांच्या मनात शिरता येत नाही, हे उमगले होते. त्यांच्या निधनानंतर तो मेळा भरू लागला. वारशाचा प्रश्न हा वर्गाचा आणि जातीचा प्रश्न आहे, हे या दोघांनी ओळखले होते. गतकाळ कोणाचा, हे ठरले की वर्तमान कोणाचे, हे निम्मे ठरून जाते.

म्हणून उत्सवाला विरोध हा कार्यक्रम होऊ शकत नाही. उत्सवाचा ताबा हा कार्यक्रम झाला पाहिजे. त्यातल्या मागण्या साध्या आहेत. रिद्धपूरच्या नावाने जो सार्वजनिक पैसा खर्च होईल त्याचा जमाखर्च ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा, आणि त्यातला मोठा हिस्सा गावात टिकणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे ग्रंथालय, हस्तलिखितांचे जतन, वसतिगृह आणि पाणी यांवर घालावा. लीळाचरित्राची सोप्या टिपांसह स्वस्त आवृत्ती शाळेपर्यंत पोचवावी. मठांत जपलेल्या पोथ्यांच्या प्रतिमा, पंथीयांच्या भावनांचा आदर राखून आणि त्यांच्या संमतीने, सर्वांना पाहावयास खुल्या कराव्यात. विद्यापीठाने म्हाइंभटाची पद्धत स्वीकारून वऱ्हाडी बोलीचा कोश करावा, आणि तो करण्यासाठी कापूस वेचणाऱ्या बाया, सालदार, मेंढपाळ आणि बागवान यांच्याकडे जाऊन त्यांचे शब्द आणि त्यांचे जीवन टिपून घ्यावे. ज्या घरातल्या कर्त्या पुरुषाने गळफास घेतला त्या घरातल्या बाईची साक्ष मराठीत नोंदली जाणे, हे आजच्या काळाचे लीळाचरित्र आहे. भूजल, संत्र्याची बाजारपेठ, पीककर्ज आणि पीकविमा यांवरचे संशोधन मराठीतून व्हावे आणि ते शेतकऱ्याला वाचता यावे. ज्ञानभाषा हा शब्द भाषणात वापरण्याचा अधिकार त्यानंतर मिळतो.

कार्यकर्त्यांनीही या मागण्यांचे निवेदन देऊन थांबू नये. मोर्शी, चांदूरबाजार, वरूड या तालुक्यांतल्या शाखांनी उत्सवाच्या दिवशी रिद्धपुरास जावे. मंडपाच्या बाहेर सतरंजी टाकून सात-बाराचे उतारे, बँकेच्या नोटिसा आणि विम्याचे कागद लोकांना वाचून समजावून सांगावेत. सायंकाळी गोविंदप्रभूंच्या चरित्रातली विहिरीची लीळा मोठ्याने वाचावी, आणि गावातल्या कोणत्या वस्तीला आजही पाणी शेवटी पोचते ते विचारावे. याच वऱ्हाडच्या गाडगेबाबांचा दंडक होता की, कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी हातात खराटा घेऊन गाव झाडावयाचे. ज्या उत्सवाच्या आधी खराटा फिरत नाही, त्याला गाडगेबाबांच्या जिल्ह्यात उत्सव म्हणू नये.

रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या देवळात सातशे वर्षांपूर्वी जे घडले त्यात ढोल वाजले असल्याची नोंद नाही. एक विद्वान माणूस आपली विद्वत्ता बाजूला ठेवून साध्या माणसांचे बोलणे लक्ष देऊन ऐकत होता आणि लिहून घेत होता. महाराष्ट्राला तो गतकाळ जिवंत करावयाचा असेल तर तसे ऐकणारे आणि लिहिणारे लोक हवेत, आणि ऐकलेल्या गोष्टीवरून राज्यकर्त्यांना जाब विचारणारी संघटना हवी. पहिले काम विद्यापीठाचे आहे. दुसरे काम कोणाचे, हे पक्षाच्या कार्यकर्त्यांना सांगावे लागू नये.